नामिबियात मार्गदर्शकाबरोबर शिकारीला जाण्याचे ठरते आहे. तयारीबद्दल सल्ला हवा

गिरणाकाठ (जळगाव) :
नमस्कार मंडळी. आमच्याकडून ठिबक सिंचनाचे सुटे भाग घेणारे नामिबियातील एक जुने ग्राहक आहेत. ओटजिवारोंगो या गावाच्या परिसरात त्यांचा गुरे पाळण्याचा मोठा मळा असून त्याच कुरणांत गेम्सबॉक, कुडू, स्प्रिंगबॉक ही हरणासारखी रानातली जनावरेही वावरतात. येत्या जूनमध्ये त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला बोलावले आहे, आणि शेजारच्या मळ्यावरील एका नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबर कायदेशीर शिकारीची व्यवस्था करून देण्याची तयारी दाखवली आहे. आमच्या आजोबांकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, परंतु त्यांच्या पश्चात ती पोलीस ठाण्यात जमा झाली. त्यामुळे माझा हात केवळ छऱ्याच्या एअर रायफलवर बसलेला आहे. भाऊ सोबत येणार आहे, पण तो बंदुकीला हात लावणार नाही.

मला विचारायचे आहे ते असे : भारतीय नागरिकाने परदेशात शिकार करण्यात काही कायदेशीर अडचण आहे का, रायफलीची सोय कशी करावी, खर्चाचा करार करताना काय पाहावे, आणि शिंगे घरी आणता येतील का? वडिलांची दिवाणखान्यात ती लावण्याची फार इच्छा आहे. ज्यांना यातले प्रत्यक्ष ठाऊक आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पांझरेकर (धुळे) :
गिरणाकाठ भाऊ, माझी नोकरी वनखात्यात झाल्यामुळे कायद्यापुरते लिहितो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेखातर परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. आज एखादे जनावर माणसांना धोकादायक ठरले किंवा पिकांची नासाडी करू लागले, तरी कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. मात्र हा कायदा भारताच्या हद्दीपुरता आहे. नामिबियात तुम्हाला तिथला कायदा लागू होईल, आणि तो कायदा परवाना, हंगाम आणि मार्गदर्शक या तिन्ही अटी पाळणाऱ्यास शिकारीची मुभा देतो.

शिंगांचा विचार मात्र आजच सोडून द्या. परदेशातून प्राण्यांचे अवयव आणायचे म्हटले की पशुसंवर्धन विभागाचा आरोग्यविषयक आयात परवाना, सीमाशुल्क विभागाची तपासणी आणि प्राणी साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) यादीत असल्यास त्याची वेगळी कागदपत्रे, असा सगळा पसारा समोर येतो. हार्टमनचा डोंगरी झेब्रा त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि बिबट्या अधिक कडक अशा पहिल्या. गेम्सबॉक यादीत नसला तरी आरोग्य परवान्याचा प्रश्न उरतोच, आणि मुंबईच्या विमानतळावर सामानातून कवटी निघाल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला वडिलांची इच्छा समजावून सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नये. दिवाणखान्यासाठी चांगले मोठे छायाचित्र करून घ्या. वाळवलेले मांसही आणू नये.

जाता जाता एक गोष्ट. धरणगावला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता, आणि १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली तीही वाघाच्या शिकारीला निघालेला असताना. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांच्या मनात शिकार म्हणजे मचाण, हाका आणि साहेबी थाट असे चित्र असते. तुम्ही जिथे चालला आहात तिथे यातले काहीही नसेल, ही मनाची तयारी आधी करावी.

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
मी कामानिमित्त गेली काही वर्षे विंडहूकमध्ये राहतो. स्वतः शिकार करत नाही, पण ओळखीच्या मळेवाल्यांबरोबर आणि त्यांच्या पाहुण्यांबरोबर रानात पुष्कळ हिंडलो आहे, त्यामुळे व्यवहार कसा चालतो ते जवळून पाहिले आहे.

सर्वांत आधी मार्गदर्शकाची नोंदणी तपासा. इथे परदेशी पाहुण्याला नोंदणीकृत मार्गदर्शकाशिवाय शिकार करताच येत नाही, आणि त्यातही पायऱ्या आहेत. साधा हंटिंग गाइड केवळ स्वतःच्या नोंदणीकृत मळ्यावर पाहुण्यांना नेऊ शकतो. मास्टर हंटिंग गाइडला त्याशिवाय आणखी दोन मळ्यांवर नेता येते. प्रोफेशनल हंटर देशभर कुठेही नेऊ शकतो. तुमचे ग्राहक स्वतः मार्गदर्शक नाहीत आणि शिकार शेजारच्याच्या देखरेखीखाली व्हायची आहे, म्हणजे त्या शेजाऱ्याला तुमच्या ग्राहकांच्या जमिनीवर पाहुणे नेण्याचा अधिकार आहे की नाही, हा पहिला प्रश्न. जर तो साधा गाइड असेल आणि तुम्ही कुंपण ओलांडून ग्राहकांच्या कुरणात बार टाकलात, तर स्नेहापोटी केलेली व्यवस्था बेकायदा ठरेल. हे विचारण्यात संकोच बाळगू नये. इथल्या मार्गदर्शकांना या प्रश्नाची सवय असते. व्यावसायिक शिकाऱ्यांची १९७४ पासूनची एक राष्ट्रीय संघटनाही आहे. तो तिचा सभासद आहे का, तेही विचारून घ्या.

शिकारीचा परवाना तुमच्या नावाने आधीच निघालेला असला पाहिजे. तो मार्गदर्शक काढतो, पण त्याची प्रत रानात जाण्यापूर्वी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो. एका शिकाऱ्याला वर्षाकाठी एका जातीची दोनच जनावरे मिळतात, आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार टाकता येतो. रात्री दिवे टाकून जनावर मारण्याची ज्या कोणी ऐट सांगितली असेल, त्याच्यापासून चार हात दूर राहा.

जून महिना उत्तम निवडला आहे. पाऊस मार्च-एप्रिलपर्यंत ओसरतो, गवत विरळ होते, पाणवठे आटतात आणि जनावर दिसू लागते.

पांझरेकर (धुळे) :
रायफलीबद्दल मी एवढेच जोडतो की इथून शस्त्र नेण्याच्या भानगडीत पडू नका. तुमच्याकडे परवानाच नाही, आणि नवा परवाना काढून, परदेशी नेण्याची परवानगी मिळवून, विमान कंपनीची आणि मधल्या विमानतळाच्या देशाची संमती घेऊन चार दिवसांच्या शिकारीसाठी हत्यार वाहून नेणे हा शुद्ध त्रास आहे. तिथे भाड्याने मिळत असेल तर तीच वाट सोपी.

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
पांझरेकर नानांशी पूर्ण सहमत. मार्गदर्शकाकडे पाहुण्यांसाठी दोन-तीन रायफली असतातच, आणि त्यांच्या दुर्बिणी त्याने स्वतः जुळवून ठेवलेल्या असतात. कायद्याने इथे गोळीच्या ताकदीच्या किमान मर्यादा ठरवल्या आहेत : स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावराला १,३५० जूल, गेम्सबॉक, कुडू, हार्टबीस्ट यांना २,७०० जूल, आणि रानम्हैस, हत्ती अशा जनावरांना ५,४०० जूल. .३०८ किंवा .३०-०६ बोअरची रायफल तुमच्या कामाला पुरेशी आहे. त्याहून मोठी रायफल कोणी हातात ठेवू लागला तर नम्रपणे नाही म्हणावे, कारण नवशिक्या माणूस धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच डोळे मिटतो आणि मग गोळी कुठे जाते ते सांगता येत नाही. पिस्तूल, स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांनी शिकार करण्यास मनाई आहे.

तितूर (चाळीसगाव) :
चर्चा माहितीपूर्ण आहे, तरीही एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ज्या देशातून १७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते आणून आपण कुनोमध्ये सोडले आणि देशभर कौतुक केले, त्याच देशात जाऊन पैसे मोजून जनावर मारायचे, यात काही विसंगती वाटत नाही का? गिरणाकाठ भाऊंनी कायदा विचारला, खर्च विचारला, शिंगेही विचारली. जनावर मारावे की नाही हे मात्र कोणालाच विचारले नाही. पाटणादेवीच्या जंगलात कॅमेरा घेऊन तासन्‌तास बसणारी माणसे आमच्याकडे आहेत, आणि त्यांना कधी काही कमी पडल्याचे ऐकलेले नाही.

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
तितूरताई, प्रश्न रास्त आहे, आणि गंमत अशी की ते आठ चित्ते ओटजिवारोंगोजवळच्याच चित्ता संवर्धन केंद्रातून भारतात गेले.

इथली बाजू अशी मांडली जाते. खाजगी मळ्यावरची जनावरे सांभाळण्यात मालकाला कायद्याने उत्पन्नाचा हक्क मिळाला, तेव्हापासून गुरांच्या चाऱ्यावर हात मारणारा गेम्सबॉक त्याला शत्रू वाटेनासा झाला. १९९६ च्या कायद्याने तसाच हक्क सामुदायिक जमिनीवरील गावकऱ्यांनाही मिळाला, आणि आज देशात अशी ८६ सामुदायिक संवर्धन क्षेत्रे आहेत, ज्यांतील कित्येकांच्या राखणदारांचे पगार शिकारीच्या शुल्कातून निघतात. मांसही वाया जात नाही. ते मळ्यावरच्या कामगारांत आणि गावात वाटले जाते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शुल्क कुठे मुरते याबद्दल तक्रारी असतात, मोठ्या शिंगांचे नर वेचून मारल्याने कळपावर काय परिणाम होतो यावर वाद आहे, आणि केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद करूनही तिथले वन्यजीव पर्यटन टिकून आहे. बोट्सवानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली, यावरून हा प्रश्न सोपा नाही एवढे तरी दिसते.

माझे मत विचाराल तर मळ्यावर मुबलक असलेले आणि ज्याचे मांस खाल्ले जाणार आहे असे गवतखाऊ जनावर, आणि भिंतीवर लावण्यासाठी मारलेला बिबट्या, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

तितूर (चाळीसगाव) :
उत्तराबद्दल आभार. पटले असे म्हणत नाही, परंतु माहिती नवी होती. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या भावासाठी सुचवते : त्याला त्या चित्ता केंद्रावर आणि वॉटरबर्गच्या पठारावर पाठवा. दोन्ही त्याच बाजूला आहेत, आणि मला वाटते की त्याचे दिवस तुमच्यापेक्षा चांगले जातील.

शहाद्याचा_शेतकरी :
मंडळी, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या उसात आणि पपईत रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. तिकडे पैसे देऊन मारतात, मग इथे फुकटात मारायला हरकत का असावी?

पांझरेकर (धुळे) :
भाऊ, हरकत कायद्याची आहे. तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात नुकसानीचा अर्ज आणि पंचनामा करून घ्या, भरपाई आणि परवानगी या दोन्हींची वाट तिथूनच जाते. कुंपणात वीज सोडण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. त्यात माणसे मेली आहेत. यासाठी वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

गिरणाकाठ (जळगाव) :
सर्वांचे मनापासून आभार. तितूरताई, तुमचा प्रश्न घरातही निघाला होता. आई तुमच्याच बाजूची आहे. विचारांती मी बिबट्या, झेब्रा यांपैकी काहीही नको असे कळवले असून एक गेम्सबॉक आणि जमल्यास एक स्प्रिंगबॉक एवढ्यावरच थांबायचे ठरवले आहे. शिंगांचा विषय वडिलांना समजावून संपवला.

आता सरावाबद्दल सांगावे. हातात फक्त .१७७ ची एअर रायफल आहे. तेवढ्यावर तयारी होऊ शकते का?

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
बऱ्याच अंशी होऊ शकते, पण सराव योग्य गोष्टीचा करायला हवा. बाकावर रायफल टेकवून नेम साधणे इथे फारसे कामाचे नाही. रानात तुम्ही उभे असता, चालून धाप लागलेली असते, आणि मार्गदर्शक तीन पायांची काठी पुढे रोवून तिच्या खाचेवर रायफल ठेवायला सांगतो. तुमच्या उंचीएवढे तीन बांबू घ्या, वरून वीतभर अंतरावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा, आणि अंगणात त्यावर एअर रायफल ठेवून उभ्याने सराव करा. रोज थोडाच, पण जिना दोन-तीनदा चढून आल्यावर. श्वास सोडून झाल्यावर जो क्षण स्थिर मिळतो त्यात चाप हळू दाबण्याची सवय लागली की निम्मे काम झाले. जिल्हा रायफल संघटनेच्या एखाद्या प्रशिक्षकाकडून चाप दाबण्याची पद्धत एकदा तपासून घेता आली तर फारच उत्तम. मोठ्या बोअरचा धक्का आणि आवाज मात्र इथे आल्यावरच अंगवळणी पडेल. म्हणून पहिल्या दिवशी शंभर मीटरवरच्या लक्ष्यावर चाचणीच्या गोळ्या झाडण्यासाठी वेळ मागून घ्या. त्या चाचणीवरूनच मार्गदर्शक ठरवतो की तुम्हाला किती अंतरापर्यंत बार टाकू द्यायचा, आणि त्याने दीडशे मीटर म्हटले तर मान हलवावी.

आता नेमाची जागा. आफ्रिकेतल्या हरणवर्गीय जनावरांचे हृदय आणि फुप्फुसे आपल्या अंदाजापेक्षा पुढे आणि खाली असतात. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक-तृतीयांशावर थांबायचे. बहुतेक पाहुणे पायामागे आणि उंच मारतात, आणि मग दिवसभर माग काढत हिंडणे नशिबी येते. गेम्सबॉकच्या बाबतीत ही चूक विशेष महागात पडते, कारण तो दोनशे किलोंच्या आसपासचा काटक प्राणी आहे आणि जखमी झाल्यावर त्याची मीटरभर लांबीची सरळ शिंगे भाल्यासारखी पुढे येतात. पडलेल्या गेम्सबॉकजवळ मार्गदर्शकाने सांगितल्याशिवाय जाऊ नये, आणि समोरून तर कधीच जाऊ नये. यात नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, मादीची बहुधा अधिक लांब आणि बारीक. त्यामुळे कोणते जनावर मारायचे याचा निर्णय तुमच्या नजरेवर सोडू नका, मार्गदर्शक बोट दाखवील तेच.

बार झाल्याबरोबर दुसरे काडतूस आत घ्या आणि जागेवरून हलू नका. जनावर पडले तरी दुर्बिणीतून नजर काढू नका. ते पळाले तर मार्गदर्शक आधी ज्या जागी ते उभे होते ती जागा शोधतो, तिथे रक्त पाहतो आणि मग बोलतो. फिकट, फेसाळ रक्त असेल तर गोळी फुप्फुसात लागली आहे आणि जनावर जवळच सापडते. गडद लाल असेल तर बहुधा यकृत. त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा अंश दिसला तर गोळी पोटात गेली आहे, आणि अशा वेळी घाईने मागे धावण्याऐवजी बराच वेळ थांबावे लागते, नाहीतर जनावर उठून आणखी कित्येक किलोमीटर जाते. हा थांबण्याचा वेळ पाहुण्याला असह्य होतो. त्या वेळी गप्प बसणे हाच मोठा शिष्टाचार.

माग काढणाऱ्या माणसाकडे नीट लक्ष द्या. माझ्या ओळखीच्या मळ्यावर दामारा जमातीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या खिशात चुलीतली चाळलेली राख भरलेला मोजा असतो. दर थोड्या पावलांनी ते तो बोटाने टिचकतात, राखेचा बारीक ढग कुठे सरकतो ते पाहतात आणि काही न बोलता वाट बदलतात. कधी कधी समोर दोनशे मीटरवर कळप स्पष्ट दिसत असताना ते पाठ फिरवून अर्धा तास उलट दिशेने चालायला लावतात. कारण विचारायचे ते संध्याकाळी, जेवताना.

वाघूर (भुसावळ) :
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून आरोग्याबद्दल लिहितो. नामिबिया पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, परंतु मुंबईहून विंडहूकला जाणारे पुष्कळ प्रवासी अदिस अबाबामार्गे जातात आणि इथिओपिया त्या यादीत आहे. त्या देशातून परतणाऱ्या प्रवाशाकडे भारतात उतरताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. विमानतळाबाहेर न पडलेल्यांना सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या संमतीवर अवलंबून असते. त्या भरवशावर राहू नये. ही लस केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी ग्राह्य ठरते आणि पुढे आयुष्यभर चालते. तिकीट जोहान्सबर्गमार्गे काढलेत आणि वाटेत यादीतल्या कुठल्या देशात थांबा नसेल, तर हा प्रश्न उद्‌भवत नाही. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

हिवतापाचा धोका तिथे मुख्यतः उत्तर आणि ईशान्य भागात व पावसाळ्याच्या आगेमागे असतो. ओटजिवारोंगो ज्या प्रांतात येते तिथेही तो काही प्रमाणात आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांचा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा. गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. रोज संध्याकाळी घोटे, गुडघ्यामागची बाजू आणि जांघ तपासा, आणि परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना न विचारताच सांगा.

प्रवास विम्याची अटींची पाने शेवटपर्यंत वाचावीत. अनेक विम्यांत शिकार आणि बंदुकीशी संबंधित अपघात वगळलेले असतात, आणि दूरच्या मळ्यावरून जखमी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च कोणाच्याही आवाक्याबाहेरचा असतो.

थंडीबद्दल आपल्या लोकांचा हमखास गैरसमज होतो. आफ्रिका म्हणजे उन्हाळा, असे धरून माणूस दोन सुती सदरे घेऊन निघतो. तो भाग समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच आहे, तिथे जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि पहाटे उघड्या गाडीच्या मागे उभे राहून जायचे आहे. धुळ्याची जानेवारीतली पहाट आठवा आणि त्यावर वारा घाला. दुपारी पुन्हा सदऱ्यावर यावे लागते, म्हणून एक जाड कोट घेण्याऐवजी काढता-घालता येतील असे थर घ्या.

पांझरेकर (धुळे) :
कपड्यांवरून आठवले. खाकी किंवा मळकट हिरवा रंग घ्यावा आणि निघण्याआधी ते कपडे नीळ किंवा उजळपणा आणणारी पावडर न घालता धुवावेत, कारण हरणांच्या डोळ्यांना निळसर झाक आपल्यापेक्षा जास्त जाणवते. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. शेजारच्या झिम्बाब्वेत तर नागरिकांनी ते घालण्यावर बंदीच आहे.

पायांची तयारी आतापासून करा. मेहरूण तलावाभोवतीच्या फेऱ्या ठीक आहेत, पण त्या सपाटीवरच्या. आठवड्यातून एकदा मनुदेवीच्या बाजूला किंवा तोरणमाळला चढ-उतार करा, आणि तिथे जे बूट घालणार आहात तेच घालून करा. काट्यांची तुम्हाला सवय असेल असे गृहीत धरतो. तिथली बाभूळवर्गीय झुडपे आपल्या हिवर-बोरीची सख्खी भावंडे शोभतील. फक्त एक सांगून ठेवतो : सरावाच्या उत्साहात एअर रायफल घेऊन यावल अभयारण्यात शिरू नका. पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेणे हा कलम ३१ खाली गुन्हा आहे, आणि नाक्यावरचा वनरक्षक छऱ्याची आणि गोळीची बंदूक असा भेद करत बसणार नाही.

शहाद्याचा_शेतकरी :
खाण्याचे काय? तिकडे रोज मांस-बटाटेच असतात असे ऐकतो. कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ न्यावे का?

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
पीठ आणि लसणाची सुकी चटणी बंद पाकिटात न्या आणि विमानतळावर विचारल्यास जाहीर करा. दूध-तुपाचे पदार्थ आणि मांसाचे काहीही नेऊ नका. भाऊ शाकाहारी असेल तर मळ्यावर आधी कळवा, मक्याची घट्ट लापशी आणि भोपळा तिथे नेहमीचाच असतो. भाकरी थापून दाखवलीत तर स्वयंपाकघरातली मंडळी तुमच्यावर खूश होतील.

गिरणाकाठ (जळगाव) :
मंडळी, मार्गदर्शकाकडून कराराचा मसुदा आला आहे. तो मास्टर हंटिंग गाइड आहे, आणि आमच्या ग्राहकांचा मळा त्याच्या नावे नोंदलेल्या दोन मळ्यांपैकी एक आहे. त्या नोंदणीची प्रतही त्याने मागितल्याबरोबर पाठवली. करारात दररोजचा दर वेगळा, प्रत्येक जनावराचे शुल्क वेगळे, भावासाठी निरीक्षक म्हणून कमी दर, आणि निम्मी रक्कम आगाऊ, असे लिहिले आहे. जखमी होऊन न सापडलेल्या जनावराचेही पूर्ण शुल्क द्यावे लागेल, असे एक कलम आहे. हे रास्त आहे का?

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
हे कलम सर्वत्र असते आणि ते असलेच पाहिजे, कारण त्याशिवाय पाहुणा लांबून बेफिकिरीने बार टाकतो. त्याला जोडून एवढे लिहून घ्या की गेम्सबॉक जखमी होऊन हरवल्यास तुमची त्या जातीची शिकार तिथेच संपली असे दोघेही मानतील, म्हणजे दुसऱ्यावर दुसरे शुल्क चढणार नाही. जनावर जखमी झाले, म्हणजे रक्त सांडले की नाही, याचा निर्णय मार्गदर्शकाचा राहील. त्यावर वाद घालू नये.

चार गोष्टी करारात स्पष्ट नसतील तर विचारा. रायफलीचे भाडे आणि काडतुसांची किंमत दररोजच्या दरात धरली आहे का; विंडहूकच्या विमानतळावरून मळ्यापर्यंतचा प्रवास कोणाच्या खर्चाने; परवान्याचे शासकीय शुल्क आणि कर वेगळे आहेत का; आणि तुम्हाला शिंगे-कातडे न्यायचे नाही, तर त्यांच्या प्रक्रियेचा खर्च वगळला आहे का. शेवटचा मुद्दा अनेकदा छापील नमुन्यात तसाच राहून जातो आणि पाहुण्याला उगाच भुर्दंड पडतो. दर डॉलरमध्ये लिहिला असेल तर तो अमेरिकी की नामिबियन, हेही पाहा. नामिबियन डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेला आहे आणि दोन डॉलरांच्या किमतीत फार मोठे अंतर आहे. माग काढणारा, कातडे सोलणारा आणि स्वयंपाकघरातली माणसे यांच्या बक्षिसाची रक्कम करारात नसते, ती शेवटच्या दिवशी स्वतंत्र पाकिटांत द्यायची असते. किती द्यावी ते मार्गदर्शकालाच विचारावे, त्यात कोणी वाईट मानत नाही.

तितूर (चाळीसगाव) :
आणि आयत्या वेळी बार टाकावासा वाटला नाही तर काय, हेही करारात पाहून घ्या.

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
ताईंनी फार उपयोगाचा मुद्दा काढला. बार न टाकल्यास केवळ दररोजचा दर द्यावा लागतो, जनावराचे शुल्क लागत नाही. मात्र काही ठिकाणी ठरावीक जनावरांचे एकत्रित पॅकेज विकतात, आणि त्यात जनावर मिळो न मिळो, मारा न मारा, पैसे परत येत नाहीत. तुमचा मसुदा वेगवेगळ्या दरांचा आहे, तो तसाच ठेवा. कोणी पॅकेजची सवलत पुढे केली तरी बदलू नका.

गिरणाकाठ (जळगाव) :
चारही प्रश्न आणि जखमी जनावराबद्दलची दुरुस्ती आजच लिहून पाठवली. तिकीट जोहान्सबर्गमार्गे पाहतो आहे, तरीही लसीसाठी मुंबईच्या केंद्रावर वेळ घेतली आहे. उत्तर येईपर्यंत आगाऊ रक्कम रोखून धरतो. बांबूची तिकटी भावाने बांधली आहे, पण ती माझ्या उंचीला चार बोटे कमी पडते. ट्यूबची गाठ खाली सरकवावी की नवे बांबू आणावेत?

विंडहूकहून (मूळ अमळनेर) :
नवे आणा. गाठ खाली सरकवली की पाय जास्त फाकतात, काठी आणखी बुटकी होते आणि तुम्हाला वाकावे लागते. उभ्याने मान न वाकवता दुर्बीण डोळ्यासमोर आली पाहिजे.